अक्षदाची दोन सीटर

अक्षदा पाताडेला माणसं चेहऱ्याने कमी आणि दातांनी जास्त लक्षात राहायची. दादरच्या एका डेंटल लॅबमध्ये ती अठरा वर्षं काम करत होती. डॉक्टरांकडून पेशंटच्या दातांचे ठसे यायचे आणि त्यावरून ती कवळ्या, कॅप, ब्रिज बनवायची. दाढेवरची कॅप केसभर उंच झाली तरी माणूस घास चावताना कळवळतो. त्यामुळे केसभर म्हणजे नेमकं किती, हे तिच्या बोटांना पाठ होतं. वय बेचाळीस. नवरा विनीत महापालिकेच्या शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. घर चिंचपोकळीच्या चाळीत, दोन खोल्यांचं, आणि सोबत तिची आई, मीराबाई. मूल नव्हतं. त्यावरचं बोलणं नवरा-बायकोने केव्हाच संपवलं होतं आणि दोघं एकमेकांच्या संगतीत मजेत होती.

गाड्यांचं वेड मात्र तिला लहानपणापासूनचं. वडील गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात. घरात सायकलसुद्धा नव्हती, तरी ही पोरगी पेपरातली गाड्यांची चित्रं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. पंचविसाव्या वर्षी हौस म्हणून लायसन्स काढलं आणि ते पर्समध्ये तसंच राहिलं.

स्टेशनकडे जाताना वाटेत पत्र्याच्या शेडांची एक रांग लागते. त्यातलं एक गॅरेज आग्नेलो अंकलचं. अंकल साठी ओलांडलेले, बारीक चणीचे, कानावर पेन्सिल अडकवलेले. त्यांच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्तू ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असायची. वर्षानुवर्षं अक्षदा ती ताडपत्री बघत कामाला जात होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ताडपत्रीची एक बाजू घसरली होती आणि खालून गाडीचा गोलसर पुढचा भाग डोकावत होता. गुडघ्याच्या जरा वर येईल एवढीच उंची.

अक्षदा थांबली. मग आत गेली.

"अंकल, ही कुठली गाडी?"

"ही? टू-सीटर आहे, बेटी. स्पोर्ट्स कार." अंकलनी ताडपत्री ओढून बाजूला केली. "गोव्यात बनलेली. फार काढल्याच नाहीत त्यांनी. बॉडी सगळी फायबरची. उघडून बघ दरवाजा, सुपाएवढा हलका."

अक्षदाने बोनेटवर हात ठेवला. रंग उडून विटक्या गुलाबी झालेल्या त्या लाल गाडीवर तडे होते, एका कोपऱ्यात तुकडाच निघाला होता. पण तडा कसा गेलाय, आतले थर कसे बसलेत, हे तिच्या बोटांना लगेच समजलं. कवळीला तडा जातो तसाच. असले तडे ती रोज सांधत होती.

"कुणाची आहे?"

"गिरगावातल्या वॉरेनची. तो मेलबर्नला गेला, सात वर्षं झाली. सांगून गेला, येतो परत. कशाला येतोय!"

त्या दिवशी अक्षदाला कामावर पोहोचायला अर्धा तास उशीर झाला. कारण गाडी विकतोस का विचारायला अंकलनी तिथल्या तिथे वॉरेनला फोन लावला होता. वॉरेनने पलीकडून एकच प्रश्न विचारला, "चालवणार की नुसती ठेवणार?"

"चालवणार," अक्षदा म्हणाली. "आणि आहे त्यापेक्षा फास्ट करणार."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. महिन्याभरात कागदपत्रं तिच्या नावावर झाली.

घरी सांगायचं धाडस तिने सौदा ठरल्यावर केलं. विनीतने फोनमधला फोटो बराच वेळ मोठा करून बघितला आणि म्हणाला, "लाइन काय सुंदर आहे गं हिची." बस्स, तिथेच त्याची परवानगी आली. मीराबाईंची गोष्ट वेगळी.

"दोनच माणसां बसतत? मग मी खय बसू? टपावर?"

"आई, टप पण नाहीये तिला. कापडाचा आहे, काढता येतो."

"खुळावलंस गो तू," मीराबाई म्हणाल्या आणि पेजेचं पातेलं आपटून ठेवलं. "चार चाकां घेतलंस ती पण अर्धवट!"

तिथून पुढे दीड वर्ष अक्षदाचे रविवार आणि लॅब सुटल्यानंतरचे दोन-दोन तास आग्नेलो अंकलच्या गॅरेजात गेले. अंकलनी पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकला, "मी पाना देणार, फिरवणार तू. मी फिरवला तर गाडी माझी होईल."

फायबरचं काम तिने एकटीने केलं. तडे व्ही आकारात कोरून मोकळे केले, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर टाकले, राळ भरली, घासली. निघालेला कोपरा तर नव्यानेच घडवला. दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्याचा प्लास्टरमध्ये साचा घेतला, विनीतने त्याचं उलटं चित्र मापात काढून दिलं आणि त्याबरहुकूम तिने तो कोपरा उभा केला. अंकल त्यावरून अंगठा फिरवून म्हणाले, "जॉइंट कुठे आहे?" सांधा त्यांना सापडला नाही, आणि अक्षदा त्या दिवशी घरी जवळजवळ पळतच गेली.

मग मागच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक आले. शॉक-अप बदलले, नवे कडक आणि उंची कमी-जास्त करता येणारे. चाकं रुंद झाली. सीट काढून तिने हलक्या बकेट सीट बसवल्या, सायलेन्सर नवा केला, पण आवाज हद्दीत राहील असाच, कारण गाडीची फिटनेस तपासणी करून नोंदणी पुढे वाढवायची होती. रंग पिवळा. रंग बदलायचा तर आरसी बुकावर तशी नोंद लागते, म्हणून लॅबमधून दोन दिवसांची रजा टाकून तीही करून आणली. हळद फोडल्यावर आतून दिसते तसला पिवळा तिला हवा होता. चार दुकानं फिरून मिळवला.

ऑक्टोबरात गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि तिथे माशी शिंकली.

बाकी सगळं झकास. वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी फिरायची, ब्रेक दाबला की जागच्या जागी. पण ॲक्सिलेटर दाबून इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या वर नेलं की गाडीची छाती भरून यायची. पुढे काही निघायचंच नाही. नुसती फरफर.

"दम टाकतेय," अंकल म्हणाले. त्यांनी पेट्रोलचा पंप तपासला, प्लगच्या वायरी बदलल्या, चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. ते चारही ठिकाणी सारखं. शेवटी प्लग काढून ओळीने बाकावर मांडले. एक, दोन आणि चार नंबरचा प्लग बदामी रंगाचा. तिसरा काजळी धरलेला.

"तीन नंबरला पेट्रोल जास्त पडतंय?" अक्षदाने विचारलं.

"पेट्रोल तेवढंच आहे. हवा कमी जाते. इंजिनाच्या वर हे हेड बसतं, त्यात हवा जायच्या ज्या वाटा असतात ना, पोर्ट, त्यात काहीतरी गडबड आहे." अंकलनी बॅटरी मारून बघितलं, बोट घालून बघितलं. "पण वाट आत वळते. बोट पोहोचत नाही, नजर पोहोचत नाही. आता दुसरं हेड शोधा. आणि या इंजिनाचं हेड मिळणं म्हणजे..." त्यांनी हवेत हात उडवला.

अक्षदा काळ्या प्लगकडे बघत उभी होती. नजर पोहोचत नाही, बोट पोहोचत नाही, आतला आकार हवाय. अरे, अठरा वर्षं आपण दुसरं करतोय काय?

"अंकल," ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या शेडमधला वेल्डर डोकावला, "ठसा घेऊया! पोर्टचा ठसा!"

"कसला ठसा?"

"दातांचा घेतात तसा. सिलिकॉन ओतायचं. पाच मिनिटांत रबरासारखं होतं. ओढून काढायचं. आतला आकार हातात!"

अंकलनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "अठरा महिने मी तुला पाना देत बसलो," ते म्हणाले, "आणि तू हे आत्ता सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी लॅबच्या मालकीण दीपिका मॅडमकडून तिने सिलिकॉनच्या ट्यूब मागून घेतल्या. कशाला, हे सांगितल्यावर मॅडमनी हातातलं काम खाली ठेवलं आणि कपाटातून जुना मायक्रोमोटरही काढून दिला. कवळ्या घासायचं ते यंत्र, पेनाएवढं हातात धरायचं, पुढे छोटं धारदार पातं गरगर फिरणारं. "आतून घासायला लागेल ना तुला," त्या म्हणाल्या. "जा. आणि मला फोटो पाठव."

हेड उतरवलं, वॉल्व्ह काढले. अक्षदाने पोर्टांना आतून ग्रीसचा हात फिरवला, खालची तोंडं मेणाने बंद केली आणि वरून निळं सिलिकॉन ओतलं. घड्याळात बघून पाच मिनिटं मोजली. मग पहिला ठसा तिने हलकेच पिळत, वळणाच्या अंगाने ओढला. तो पुचकन आवाज करून बाहेर आला. वाकड्या मिरचीसारखा, गुळगुळीत, अख्खा.

चारही ठसे बाकावर शेजारी ठेवले आणि काही सांगायची गरजच उरली नाही. तीन सारखे. तिसऱ्याच्या वळणावर मात्र खळगा होता, चिंचोक्याएवढा. ठशात खळगा म्हणजे आत पोर्टमध्ये तेवढाच उंचवटा.

"वेल्डिंग," अंकल सुस्कारले. "कधीतरी कुणीतरी चीर भरली असेल आणि आतून साफ करायचं राहिलं. मदर मेरी! इतकी वर्षं ही गाडी एक नाकपुडी बंद करून धावली."

आता प्रश्न होता घासायचा. उंचवट्याच्या मागेच इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट. धातू जास्त निघाला आणि भोक पडलं, तर हेड भंगारात. अंकल स्वच्छ म्हणाले, "मी हात लावणार नाही. माझा हात बसगाड्यांवर तयार झालाय."

अक्षदाने हात लावला. दाताच्या कॅपची जाडी मोजायचा तिचा चिमट्यासारखा गेज होता. त्याचं एक टोक पाण्याच्या भोकातून आत घालायचं, दुसरं पोर्टमधून, आणि काट्यावर जाडी वाचायची. घास, थांब, मोज. घास, थांब, मोज. ॲल्युमिनियम मऊ, पात्यात अडकतं. म्हणून पातं मधूनमधून मेणात बुडवायचं, ही युक्ती तिची लॅबमधलीच. तीन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक संध्याकाळच्या शेवटी नवा ठसा, आणि प्रत्येक ठशातला खळगा आधीपेक्षा उथळ. तिसऱ्या संध्याकाळी विनीतही येऊन बसला होता. शेवटचा ठसा ओढून काढताना अक्षदाने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

गुळगुळीत.

"मोज," अंकल म्हणाले.

तिने गेज लावला. भिंत शाबूत होती, आणि जाडी बाकीच्या तीन पोर्टांइतकी. विनीतने टाळ्या वाजवल्या, अंकलनी तिच्या डोक्यावर काळा हात ठेवला, आणि केसांना ग्रीस लागलंय हे तिला घरी आरशात दिसलं.

मग ती चेकाळलीच. हात लावलाच आहे तर चारही पोर्ट एकसारखे, थोडे मोठे, तोंडापाशी हवा आणणाऱ्या नळ्यांना, मॅनिफोल्डला, तंतोतंत जुळते केले. हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करून आणली, नवी गॅस्केट घातली. रविवारी सकाळी सातला गाडी सुरू झाली तेव्हा आवाजच निराळा होता. भरदार, एकसंध. ती एकटीच निघाली आणि मोकळ्या पुलावर तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला. काटा पाच हजारांवर आला, आणि न अडखळता पुढे गेला. साडेपाच. सहा. पाठ सीटला चिकटली आणि अक्षदा मोठ्याने ओरडली. तिचं ओरडणं ऐकायला फक्त पुलावरची कबुतरं होती.

परत आली तर गॅरेजच्या दारात मीराबाई उभ्या. नऊवारी, काखेत पिशवी.

"माका बसव."

"आई, फार खाली आहे सीट, तुला—"

"बसव म्हणतंय मा!"

अंकल आणि विनीतने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना सीटमध्ये उतरवलं. कापडी टप काढलेला. चिंचपोकळीहून लालबाग, परळ, दादर अशी एक फेरी झाली. सिग्नलला टॅक्सीवाले वाकून बघत होते, स्कूटरवरची मुलं फोन काढत होती, आणि मीराबाई सगळ्यांकडे बघून मान डोलवत होत्या, जशी गाडी त्यांनीच घडवली. दादरला फुलवालीने पुढे केलेली शेवंतीची वेणी त्यांनी बसल्या जागेवरून घेतली, कारण फुलांची टोपली बरोबर त्यांच्या नाकासमोर होती.

"काय गो आई, कसं वाटतंय?"

"जमनीवर बसान उडाल्यासारख्या वाटता," मीराबाई म्हणाल्या. "जरा जोरात घे."

जानेवारीत पनवेलच्या पुढे एका मैदानावर ऑटोक्रॉसची स्पर्धा होती. मातीच्या मैदानावर कोन मांडतात, त्यांतून नागमोडी, घड्याळाशी शर्यत करत जायचं. प्रत्येकाला तीन फेऱ्या, सर्वांत चांगली वेळ धरायची, आणि कोन पाडला की दोन सेकंद वाढतात. अक्षदाने बाराशे सीसीच्या गटात नाव दिलं. मार्गाचा नकाशा दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर आला. विनीतने तो घरच्या लादीवर खडूने काढला, कोनांच्या जागी स्टीलचे पेले ठेवले, आणि अक्षदा हातात स्टिअरिंगसारखी परातीची कड धरून, ती वळवत, त्या पेल्यांतून धावत सुटली. मीराबाई पलंगावर पाय घेऊन बसल्या होत्या आणि पेला पडला की ओरडत होत्या, "दोन शेकंद!"

स्पर्धेला अकरा गाड्या. सगळ्यांत नावाजलेला नायगावचा सम्यक, तिशीतला, काळ्या हॅचबॅकवाला. मागची दोन वर्षं तोच जिंकलेला. पिवळी गाडी बघून तो अदबीने म्हणाला, "मॅडम, शोसाठी आणलीय का?"

"नाही," अक्षदा म्हणाली. "तुझ्या गटात आहे."

पहिल्या फेरीत उत्साहाने घात केला. तिसऱ्या वळणावर मागची चाकं निसटली, दोन कोन आडवे झाले. दुसऱ्या फेरीत ती एवढी सांभाळून गेली की वेळ आली त्रेसष्ट सेकंदांच्या वर, आणि नंबर चौथा. ती खाली उतरली.

"पाय कुठे काढतेस तू?" अंकलनी विचारलं. "प्रत्येक वळणाच्या आधी काढतेस. का?"

"भीती वाटते, इंजिन पुढे खेचणार नाही म्हणून."

"ते जुनं इंजिन. हे तू केलंयस." मातीत पकड यावी म्हणून त्यांनी मागच्या चाकांची थोडी हवा सोडली. "तुझ्याच कामावर तुझा भरवसा नाही?"

तिसरी फेरी. झेंडा पडला आणि अक्षदाने दुसरा गियर टाकला तो शेवटपर्यंत काढलाच नाही. लादीवरचे पेले डोळ्यांसमोर होते. डावं, उजवं, आत, बाहेर. वळण संपायच्या आधीच तिने पाय दाबला, काटा साडेसहावर नाचला, मातीचा पडदा मागे उसळला आणि गाडी वळणातून गोफणीतल्या दगडासारखी सुटली. शेवटच्या कोनाला गाडीची कड निसटती लागली. कोन हलला, पडला नाही.

एकसष्ट पूर्णांक नऊ. सम्यकची वेळ एकसष्ट पूर्णांक चार. अर्ध्या सेकंदाने दुसरा नंबर!

विनीत धुळीतून धावत आला, त्याच्या चष्म्यावर माती. अंकल नुसते "अर्धा सेकंद, अर्धा सेकंद" म्हणत गाडीभोवती फिरत होते. अक्षदा हेल्मेट काढून बोनेटला टेकली आणि हसत सुटली. तिला थांबताच येईना.

सम्यक आला तो सरळ वाकून इंजिन बघायला. "मॅडम, हेडचं काम कुणी केलं? पुण्याला दिलं होतं का?"

"मीच केलं."

"तुम्ही म्हणजे..."

"मी दात बनवते," अक्षदा म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात सम्यक आपल्या गाडीचं हेड गोणपाटात गुंडाळून चिंचपोकळीला हजर झाला. अक्षदाने त्याच्या देखत चार ठसे घेतले आणि कुठे काय अडतंय ते बोट ठेवून दाखवलं. मग आणखी एक हेड आलं, मग दोन. लॅब तिने सोडली नाही. तो विचारही केला नाही. पण गॅरेजच्या एका कोपऱ्यात अंकलनी तिच्यासाठी बाक टाकून दिला, वर दिवा लावला, आणि भिंतीवर निळ्या ठशांची रांग वाढत गेली.

पुढच्या जानेवारीत सम्यक पुन्हा पहिला आला, साठ सेकंदांच्या आत. अक्षदा पुन्हा दुसरी, आणि या वेळी अंतर तीन दशांश. विनीत जरा हिरमुसला. "त्याचं हेड तू एवढं चांगलं करायला नको होतंस."

"दोन्ही गाड्यांत माझंच काम होतं, विनीत," अक्षदा म्हणाली. "पहिली पण मी, दुसरी पण मीच." आणि तिने अंकलना हाक मारली, कारण घरी जाताना गाडीत बसून तिला इंजिनाच्या नव्या कॅमशाफ्टबद्दल बोलायचं होतं, आणि सीट दोनच असल्यामुळे विनीतला बसने यावं लागणार होतं.